तोच पाय, तिसऱ्यांदा

जानेवारीतली सकाळ. साडेसहाला मोबाईल वाजला आणि उघडून बघते तर एका घोट्याचा फोटो. नमस्कार नाही, मजकूर नाही. बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज, खाली शेणानं सारवलेली जमीन, कडेला कुणाच्या तरी लुगड्याचा काठ. दोन मिनिटांनी फोन आला. "मॅडम, पुन्हा गेला. तोच पाय."

आवाज मला ओळखू आला नाही, हे आधी कबूल करते. नाव सांगितल्यावर आठवलं. दीड वर्षापूर्वी हीच मुलगी हाच उजवा पाय घेऊन माझ्याकडे अंबाजोगाईला आली होती. एकदाच. पुन्हा आली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

घोटा मुरगळणं हे आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यातलं सगळ्यात किरकोळ दुखणं समजलं जातं. किरकोळ म्हणूनच ते बहुतेक वेळा अर्धवट सोडलं जातं. या मुलीचं ते दोनदा अर्धवट सुटलं आणि त्यातलं एकदा माझ्या हातून, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे. तिला विचारलं आहे. ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलल्या आहेत, पायाच्या मात्र बदललेल्या नाहीत.

मुलगी 21 वर्षांची, केज तालुक्यातल्या एका खेड्यातली. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी येते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घरी आजी आणि ही. बी. ए. झालं आहे, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. आमच्याकडे पहाटे पाचला कुठल्याही गावच्या रस्त्यावर जा, भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. मुलींना 800 मीटर धावणे 20 गुणांना, 100 मीटर 15 गुणांना आणि 4 किलोचा गोळा 15 गुणांना. एकूण 50 गुण, आणि त्यातला एकेक गुण म्हणजे शेकडो पोरी मागे-पुढे. या तिन्ही गोष्टी शेवटी घोट्यावर येऊन टेकतात, गोळासुद्धा. गोळा फेकतो हात, पण जोर निघतो तो जमिनीला मारलेल्या टाचेतून आणि चवड्यातून.

त्या पहाटे धुकं होतं. ती रस्त्याच्या उजव्या कडेनं पळत होती, समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून. मागून उसाची ट्रॉली आली, ही आणखी कडेला सरकली, आणि डांबर जिथं संपतं तिथं पाय पडला. काळ्या मातीवरचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना ती कड माहीत आहे. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, साइडपट्टीचा मुरूम खचतो आणि डांबराला वीतभर पायरी पडते. पाय कडेवरून आत वळला, अंग त्याच्यावर आलं. "कट्टकन् वाजलं मॅडम. मला वाटलं मोडलाच."

आवाज झाला म्हणजे हाड मोडलं असं नाही. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी पट्टी, तुटतानाही आवाज येतो, आणि कित्येकदा हाड मोडूनही येत नाही. मी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. पडल्यावर उठून चार पावलं टाकता आली का? लंगडत का होईना. आणि आत्ता टाकून बघ, येतात का? दोन्हीचं उत्तर हो आलं. मग तिला बोटानं दाबायला लावलं: बाहेरच्या घोट्याच्या हाडाचं टोक आणि त्याच्या मागच्या कडेनं वर सहा सेंटिमीटर, आतल्या घोट्याचं तसंच, आतल्या बाजूला पायाच्या कमानीवरचं उंचवट्याचं हाड, आणि शेवटी करंगळीच्या रेषेत मागं येत गेलं की पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जी गाठ लागते ती. पहिल्या तीन ठिकाणी काही नाही. चौथ्या ठिकाणी ती ओरडली.

हे माझं डोकं नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली हे नियम मांडले, आणि नंतर कितीतरी देशांत ते तपासून झाले. या चारही ठिकाणी हाड दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच थोडी, एक्स-रे काढायची गरज नाही. एक्स-रेसाठी वीस-पंचवीस किलोमीटर मोटारसायकलवर बसून यावं लागणाऱ्या गावात हा नियम किती कामाचा आहे ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. पण तो कुणाला लावायचा नाही हेही ठाऊक हवं. दारू प्यायलेला माणूस, पायाला मुंग्या-बधिरपणा असलेला शुगरचा पेशंट, दुसरीकडे मोठी जखम झालेला माणूस, यांच्या "दुखत नाही" या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही. शुगरवाल्यांचं तर वेगळंच. पाय सुजलाय, गरम लागतोय, लाल झालाय आणि दुखत मात्र नाही, असा पाय घेऊन कुणी "मुरगळला असंल" म्हणत आलं, तर मला जास्त भीती वाटते. आत हाडं चुरत चाललेली असू शकतात. लहान मुलांतही जपून. त्यांच्यात लिगामेंटपेक्षा हाडाच्या वाढीची पट्टी नाजूक असते.

करंगळीच्या त्या गाठीवर दुखलं म्हणून हिचा एक्स-रे मात्र काढायलाच हवा होता. नडगीच्या बाहेरून उतरणारा एक स्नायू त्या गाठीला येऊन चिकटतो. पाय आत वळताना तो जिवाच्या आकांतानं पाय सावरायला ओढतो, आणि कधी कधी त्या ओढीनं हाडाचा टवकाच निघतो. पेशंट म्हणतो घोटा, कागदावर लिहिलं जातं घोटा, फोटो निघतो घोट्याचा, आणि मोडलेलं असतं पाऊल. म्हणून चिठ्ठीवर घोटा आणि पाऊल, दोन्ही लिहावं लागतं.

दुपारी चुलत्यानं तिला मोटारसायकलवर आणलं. ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरांकडे फोटो निघाले. मोड नव्हती.

चुलत्याचा चेहरा सैल झाला. "मंग काय न्हाई ना मॅडम? नुसतं मुरगळलंय."

हे 'नुसतं' मला फार दिवस सलत आलंय. मोड नाही म्हणजे काही नाही, असा हिशेब गावात आहे तसाच दवाखान्यांतही आहे. दीड वर्षापूर्वी तो माझाही होता.

मागच्या दोन वेळा

पहिल्यांदा पाय गेला तेव्हा ती नववीत होती. शाळेच्या संघात खो-खो खेळायची, खांबाला वळसा घालताना पाय खाली आला. गावाजवळच्या एका हाडवैद्यानं "शीर चढलीय" म्हणून पाय ओढून बसवला आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधला. पंधरा-वीस दिवसांनी सोडला. दुखायचं थांबलं होतं, ती पुन्हा खेळायला लागली. पण "पाय जरा दगा देतोय" असं तेव्हापासूनच वाटायचं, हे तिनं मला या वेळी सांगितलं. मागच्या वेळी मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा पावसाळ्यात, बांधावरून घसरून. तेव्हा ती माझ्याकडे आली. मी पाहिलं, एक्स-रे स्वच्छ, क्रेप बँडेज दिलं, मलम दिलं, व्यायामांची छापील चिठ्ठी हातात ठेवली आणि आठवड्यानं या म्हटलं. बाहेर आणखी अकरा माणसं बसली होती. ती आठवड्यानं आली नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढं काहीच लिहिलेलं नाही. चिठ्ठीचं काय झालं विचारलं, तर तिनं खरं सांगितलं: "दोन दिवस केलं मॅडम. मग दुखायचं थांबलं."

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन पट्ट्या असतात, पिंढरीच्या बाहेरचं बारीक हाड खाली पायाच्या हाडांना बांधून ठेवणाऱ्या. त्यातली पुढची सगळ्यात अशक्त. चवडा खाली आणि तळवा आत, अशा अवस्थेत पाय वळला की ताण आधी हिच्यावर येतो, म्हणून बहुतेक मुरगळण्यांत तीच जाते. फार जोराचा मार असेल तर मधली, आणि मागची क्वचितच. आतल्या बाजूची पट्टी रुंद आणि चिवट, ती सहसा दाद देत नाही. नुसती ताणली तर पहिली पायरी, थोडी फाटली तर दुसरी, पुरती तुटली तर तिसरी, असं पुस्तकात लिहितात. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दुसरी आणि तिसरी ओळखणं अवघड. सूज आणि दुखण्यामुळे पेशंट पाय आवळून धरतो, आणि सैलपणा हाताला लागत नाही. चार-पाच दिवसांनी सूज उतरल्यावर केलेली तपासणी जास्त खरी बोलते. म्हणून पहिल्या दिवशी मी फक्त दोन गोष्टी पाहिल्या. पिंढरी मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबली, तर खाली घोट्याच्या वर कळ जाते का? जात असेल तर नडगीच्या दोन हाडांना बांधणारा वरचा सांधा फाकलेला असू शकतो, आणि ते प्रकरण फार दिवसांचं. तिला कळ गेली नाही. दुसरं, पालथं झोपवून पोटरी दाबली की चवडा हलतो का? हलला, म्हणजे टाचेची शीर शाबूत.

पण खरी गोष्ट पट्टीच्या ताकदीपलीकडची आहे. ती पट्टी दोरी आहे तशीच ती खबऱ्याही आहे. पाऊल कुठं वळलंय, किती वळलंय, ही खबर तिच्यातून मेंदूकडे जात असते. अंधारात पायवाटेनं चालताना आपण पायाकडे बघत नाही, तरी दगडावर पाय पडला की तो आपोआप सावरतो, तो या जाणिवेवर आणि नडगीबाहेरच्या स्नायूंच्या चपळाईवर. पट्टी फाटली की खबर बिघडते. पट्टीला चिकट टाका बसतो, दुखणं थांबतं, सूज उतरते, आणि खबर मात्र उशिरा पोचत राहते. ज्यांचा घोटा एकदा मुरगळतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पुन्हा मुरगळतो, आणि पहिल्या वर्षात हा धोका सगळ्यात जास्त. ही मुलगी गेली सहा-सात वर्षं दुखत नसलेल्या पण आंधळ्या घोट्यावर पळत होती.

आजी, लेप आणि पेप्सीकांडी

घरी काय करायचं हे ठरवताना माझी खरी गाठ पडली आजीशी. ती व्हिडिओ कॉलवर होती. फोन कानाला लावलेला, त्यामुळे मला फक्त तिचा कान दिसत होता.

"आंबेहळद उगाळून लावते, बाई. वरून निरगुडीच्या पाल्याचा शेक देते अन् तेलानं चोळते."

"आजी, आंबेहळद लावा. चोळायचं नाही. शेकही चार-पाच दिवस नको."

"चोळल्याबिगर गोठलेलं रगत मोकळं कसं व्हईल?"

हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर मात्र वेगळं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आत बारीक शिरा फुटलेल्या असतात, चोळलं आणि शेकलं की आणखी पाझरतं. रक्त मोकळं होतं ते बोटं आणि घोटा हळूहळू हलवून, पाय वर ठेवून. लेपाला मी आडवी गेले नाही. त्यानं पट्टी सांधत नाही, पण लेप वाळेपर्यंत माणूस पाय पसरून बसतो, हा त्याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. कातडीवर फोड येत असतील तर बंद करा, एवढंच सांगितलं.

बर्फाचं म्हणाल तर गावात फ्रीज तीन घरी. किराणा दुकानातल्या पेप्सीकांड्या टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, कातडीला थेट लावायच्या नाहीत. नसतील तर माठाच्या पाण्यात पिळलेलं फडकं. बर्फानं दुखणं कमी होतं, झोप लागते. बर्फानं पट्टी लवकर भरून येते असं मात्र मी सांगत नाही, कारण तसा पुरावा नाही. 'आराम, बर्फ, दाब, उंची' हा मंत्र 1978 साली गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं दिला आणि जगभर गाजला. 2014 साली त्याच माणसानं लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. आता कल असा की पहिले थोडे दिवस जपायचं, आणि मग दुखणं सोसेल तेवढा भार जितका लवकर तितका द्यायचा. पाय फारच दुखत असेल, टेकवताच येत नसेल, तर दहा दिवसांपर्यंत प्लॅस्टर किंवा बूट दिला तरी चालतो. महिनाभर बांधून ठेवायचे दिवस गेले.

बँडेज कसं बांधायचं हे तिला बांधून दाखवलं. बहुतेक लोक ते घोट्यापुरतं पैंजणासारखं गुंडाळतात, मग पुढचं पाऊल भोपळ्यासारखं फुगतं. बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, टाच झाकायची, वर पिंढरीपर्यंत न्यायचं, प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर. बोटं निळी-गार पडली तर लगेच सैल. रात्री काढून ठेवायचं. आणि काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. यावर चुलत्यानं माझ्याशी बराच वाद घातला. मग त्यालाच क्लिनिकमधून दोन चकरा मारायला लावल्या, तेव्हा पटलं.

तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा फोटो आला. निळंकाळं पार बोटांच्या मुळापर्यंत उतरलेलं. आजीला वाटलं पाय सडायला लागला. रक्त उताराला वाहतं, घोट्यावरचं दोन-तीन दिवसांनी खाली उतरतं. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर गावातल्या एका 'डॉक्टर'नं दिलेली सुई टळली असती.

सहाव्या दिवशी ती आली. नडगी एका हातानं धरली, दुसऱ्यानं टाच धरून पुढं ओढली. डावीकडे पाय थोडा येतो आणि खटकन थांबतो. उजवीकडे येतच राहतो, थांबा लागत नाही. घोट्यापुढं कातडीला खळगा पडतो. पुढची पट्टी गेलेली होती, आणि नुसती आत्ता गेलेली नव्हती.

आई-वडील त्या वेळी फडातून फोनवर होते. मागं मोळ्या बांधायचा आवाज. वडील म्हणाले, "मॅडम, एमआरआय काढायचा असंल तर मुकादमाकडून उचल वाढवून घेतो." मी नाही म्हणाले. काटकसर म्हणून नाही. एमआरआयमध्ये पट्टी तुटलेली दिसली असती, आणि पुढचे सहा-आठ आठवडे मी जे करणार होते तेच केलं असतं. पूर्ण तुटलेल्या पट्टीवरही पहिला इलाज व्यायामच आहे, ऑपरेशन नाही. सहा-आठ आठवड्यांनी खोल दुखणं राहिलं असतं, सांधा अडकत असता, तर आतल्या हाडावरची कूर्चा बघायला एमआरआय काढायला सांगितलाच असता. लोक मशीनही मागतात. शेकाच्या मशीनवर पडून राहिलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. मुरगळलेल्या घोट्यावर अल्ट्रासाउंडच्या शेकानं विशेष फरक पडत नाही, आणि हे बोलून दाखवलं की आमचे काही पेशंट कमी होतात, तेही खरं.

भिंत, ट्यूब, वाकळ

या वेळी छापील चिठ्ठी दिली नाही. घरात काय आहे ते विचारलं.

भिंत होती. भिंतीकडे तोंड करून पाऊल मागं ठेवायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. डावा 11 सेंटिमीटर, उजवा 4. हा आकडा फुका नाही. घोटा पुढं वाकला नाही तर उकिडवं बसता येत नाही, आणि उकिडवं बसता येत नाही तर ना चूल ना संडास. तिला पळण्याआधी त्याचीच अडचण होती. तिसऱ्या आठवड्यात 8 झाले.

सायकलची जुनी ट्यूब होती. खाटेच्या पायाला बांधून पावलाला अडकवायची आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, सावकाश परत आणायचं. नडगीबाहेरच्या स्नायूंसाठी. मग उंबऱ्यावर चवड्यानं उभं राहून टाच वर-खाली, आधी दोन्ही पायांवर, मग एका. दुसऱ्या आठवड्यात डाव्यावर 24 होत होत्या, उजव्यावर 9, त्याही वाकड्या.

आणि वाकळ होती. घडी घालून जाड केलेल्या वाकळेवर एका पायावर उभं राहायचं. त्याआधी जमिनीवर डोळे मिटून पाहिलं होतं: डावा 22 सेकंद, उजवा 4. चार सेकंदांत ती खांब धरायला धावली आणि हसायला लागली. "मॅडम, हा पाय माझा न्हाईच." मी वहीत लिहिलेल्या सगळ्या निदानांपेक्षा हे वाक्य अचूक होतं.

रोज दहा मिनिटं. आधी जमीन, मग डोळे मिटून, मग वाकळ, मग वाकळेवर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. चौथ्या आठवड्यापासून अंगणात खडूनं तीन रेषा: एक पुढं, दोन तिरक्या मागं. दुखऱ्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचं बोट रेषेवर जितकं लांब जाईल तितकं न्यायचं, खूण करायची. पुढच्या रेषेवर दोन पायांत 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तोवर मी पळायला सोडत नाही. आजी चूल पेटवता पेटवता खुणा बघायची आणि संध्याकाळी मला फोनवर सांगायची. पोरीनं फसवायचा प्रयत्न केला तर आजीकडून कळायचं.

या खेपेला दर सोमवारी फोन मी करत होते. त्यात कौतुकाचं काही नाही, तो दोन मिनिटांचा फोन असतो. मागच्या वेळी तोच राहिला होता.

अडचण एकच झाली, आणि ती वैद्यकीय नव्हती. पाचव्या आठवड्यात बातमी पसरली की ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, लवकरच. तारीख कुणालाच माहीत नाही, पण भरतीच्या अकॅडमीच्या ग्रुपवर रोज नवी. ती न सांगता पहाटे पळून आली. संध्याकाळी घोटा पुन्हा सुजला. फोनवर रडली. रागवायचं होतं, पण तिच्या जागी मी असते तर मीही पळाले असते. आई-वडील फडात कोयता चालवतायत आणि ही अंगणात एका पायावर उभी, असं किती दिवस चालणार?

मग सौदा केला. अर्धा तास न लंगडता चालता आलं, दुसऱ्या दिवशी सूज नसली, तर शाळेच्या सपाट मैदानावर एक मिनिट पळ, एक मिनिट चाल, दहा वेळा. एक दिवस आड. दुसऱ्या सकाळी सूज आली तर एक पायरी मागं. रस्त्यावर पळायचं नाही. त्याचं कारण वाहनांच्या पुढचं आहे. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज उजव्या कडेनं पळणाऱ्याच्या उजव्या पावलाची बाहेरची बाजू सतत खाली झुकलेली राहते, म्हणजे ज्या दिशेला पाय मुरगळतो त्याच दिशेला. ती दोन वर्षं रोज पाच किलोमीटर तशी पळत होती. बूटही पाहिले. उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजून उतरती झाली होती.

सातव्या आठवड्यात एका पायावर लांब उडी: उजवी डाव्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली. भिंतीचा आकडा साडेदहा. डोळे मिटून 17 सेकंद. मग झिगझॅग पळणं, वळणं, गोळ्याचा सराव. दोरीनं आवळायचा घोट्याचा ब्रेस घ्यायला लावला. ब्रेसनं स्नायू कमजोर होतात हा समज अकॅडमीतल्या सरांचाही होता. खेळताना-पळताना वापरल्यानं कमजोर होत नाहीत, आणि पुन्हा मुरगळायचं प्रमाण कमी होतं. व्यायामाऐवजी घातला तर उपयोग नाही, एवढंच.

दहाव्या आठवड्यात ग्राउंड झालं. तिला 50 पैकी 33 पडले, आधी अकॅडमीच्या सरावात 36-37 पडायचे. यादीत नाव आलं नाही. घोट्यामुळं गेलं का? तिला तसं वाटतं, चुलत्याला तसं वाटतं. मला वाटतं पाच आठवड्यांचा सराव बुडणं हे त्यातलं मोठं कारण, आणि पाय नीट नसता तर ती 33 पर्यंतही पोचली नसती. पण हे मी सिद्ध करू शकत नाही.

चार महिन्यांनी आई-वडील परत आले तेव्हा सगळे मिळून आले. मी टाच पुढं ओढून पाहिली. सैलपणा होता तसाच. खळगा पडतोच. वडील घाबरले, "म्हंजे आपरेशन?" तिला विचारलं, गेल्या दोन महिन्यांत पायानं किती वेळा दगा दिला? एकदाही नाही. ढेकळातून चालते, पळते, उड्या मारते. हाताला सैल लागणारा घोटा आणि चालताना दगा देणारा घोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला स्नायू आणि जाण सांभाळून घेऊ शकतात. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही पाय दगा देत राहिला असता, तर पट्टी शिवून घट्ट करायचं ऑपरेशन आहे. ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश सर्जननं 1966 साली त्याची रीत मांडली आणि त्यात सुधारणा करून ती आजही वापरतात. हिला त्याची गरज नाही. आज तरी.

वाकळेवरचं उभं राहणं वर्षभर तरी आठवड्यातून तीनदा चालू ठेवायचं ठरलंय. पुढची जाहिरात निघेल तेव्हा ती भरणार आहे. ब्रेस घालून पळतेस ना, असं मागच्या सोमवारी विचारलं, तर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ब्रेस आजीकडं असतो. शेतात जाताना आजी घालते, ढेकळात पाय ठरतो म्हणते. दुसरा घ्यायला सांगितलाय.